आदेशाची जन्मवेळ आणि मृत्यूची नोंद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारे गृहस्थ होते. बडतर्फी, परवाने, फेरफार, तडीपारी असल्या कागदांत त्यांची हयात गेली. म्हणून मीही विषय त्याच कपाटातला काढला आहे : सरकारी आदेश लागू केव्हा होतो, आणि लागू राहायचा थांबतो केव्हा. विषय रुक्ष वाटेल, पण सबंध महाराष्ट्राने तो एकदा टीव्हीवर पाहिलेला आहे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ती २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. त्या सकाळच्या राजकारणात मी शिरणार नाही, त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. मला रस आहे तो ‘५ वाजून ४७ मिनिटे’ या वेळेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५६ प्रमाणे राजवटीची उद्घोषणा मागे घ्यायला दुसरी उद्घोषणा काढावी लागते. नुसते ठरवून भागत नाही. शपथ आठला घ्यायची, तर राजवट त्याआधी रीतसर संपलेली असायला हवी. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याइतकी सवड नव्हती, म्हणून केंद्राच्या कामकाज नियमावलीतला बारावा नियम वापरला गेला. या नियमाने पंतप्रधानांना नेहमीची पद्धत बाजूला ठेवता येते.

म्हणजे निकड असली की राज्यकर्त्यांना आदेशाचा शेवट मिनिटाच्या हिशेबाने करता येतो. तुमच्या-आमच्या वाट्याला येणाऱ्या आदेशांचे असे होत नाही, आणि आजची माझी तक्रार तेवढीच आहे. आदेश जन्माला केव्हा येतो याचा आपल्या न्यायालयांनी बारकाईने विचार केला. तो मरतो केव्हा, आणि मेल्याचे लोकांना कळवायचे कोणी, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला.

आधी जन्माचे पाहू. मंत्रालयात फाइल कशी चढते हे इथल्या अनेकांनी अनुभवलेले असेल. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर जाते, शेवटी मंत्री शेरा मारतात : ‘मान्य’. बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस तिथूनच गावाला फोन लावतो, की काम झाले. पण कायद्याच्या दृष्टीने अजून काहीच झालेले नसते.

हे ठामपणे सांगितले गेले ते पंजाबातल्या एका महसुली नोकराच्या खटल्यात. पतियाळा आणि पूर्व पंजाबच्या संस्थानांचा मिळून पेप्सू नावाचा संघ होता. तिथल्या एका कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यात आले. त्याने महसूलमंत्र्यांकडे दाद मागितली. मंत्र्यांनी फाइलवर लिहिले की बडतर्फीची शिक्षा फार कडक आहे, याला खालच्या पदावर ठेवावे. शेरा झाला, पण आदेश काही निघाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी पेप्सू पंजाबात विलीन झाला, फाइल नव्या सरकारकडे गेली आणि ती फिरत फिरत मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचल्यावर बडतर्फीच कायम झाली. कर्मचाऱ्याचे म्हणणे होते की पहिल्या मंत्र्यांचा शेरा हाच आदेश, तो आता बदलता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. शेरा राज्यपालांच्या नावाने आदेशाच्या रूपात उतरला पाहिजे आणि संबंधित माणसाला कळवला गेला पाहिजे. तोवर मंत्री तो हवा तितक्या वेळा बदलू शकतो, आणि जे हवे तितक्या वेळा बदलता येते त्याला आदेश म्हणता येणार नाही. बच्छित्तर सिंह खटला या नावाने हा १९६२ चा निकाल ओळखला जातो. तो लिहिला न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या अमरावतीच्या रावबहादूर मुधोळकरांचे हे चिरंजीव. माणूस खटला हरला, हे खरे. पण त्याच्या पराभवातून निघालेला नियम पुढे शेकडो नोकरदारांच्या उपयोगी पडला.

आपल्याकडे ही जाण नवी नव्हती. शिवकालीन पत्रांत माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब असे. मोर्तबाच्या खाली कोणी ओळ घुसडली तरी ती पत्रात धरली जात नसे. आजच्या शासन निर्णयातही शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द, संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरी असते. साधने बदलली, काळजी तीच आहे.

पुढचा प्रश्न, कळवले म्हणजे नेमके काय केले? पेप्सूतल्याच दुसऱ्या एका अधिकाऱ्याला १९४९ मध्ये बडतर्फ केले गेले. आदेशाच्या प्रती इतर अधिकाऱ्यांना गेल्या. ज्याला बडतर्फ केले तो मात्र यादीत नव्हता! त्याला हे कळले १९५१ मध्ये. न्यायालय म्हणाले की बडतर्फी लागू झाली ती त्याला कळले त्या दिवसापासून, आदेशावरच्या तारखेपासून नव्हे. हे झाले १९६६ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ साली, न्यायालयाने एक पाऊल मागे घेतले. निवृत्तीच्या तोंडावर रजेवर असलेल्या एका अधिकाऱ्याला निलंबनाची तार पाठवली होती, आणि ती निवृत्तीच्या दिवसाआधी हातात पडली नाही असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाचा निर्णय असा : आदेश सरकारच्या हातातून सुटला, परत खेचता येणार नाही असा रवाना झाला, की निलंबनापुरते ते पुरे. बडतर्फीला माणसाला कळणे लागते, निलंबनाला रवाना होणे चालते. मला हा फरक पटतो, पण काठावर. घरी नसल्याचे सोंग करून आदेश टाळणारे लोक असतात, त्यांना कायद्याने बक्षीस देऊ नये, इथवर ठीक. तरीही बारनिशीतल्या जावक वहीतली नोंद आणि माणसाच्या हातातला कागद यांत अंतर पडते तेव्हा ते भोगतो कोण, हे आपण जाणतो.

हे एकट्या माणसाला उद्देशून काढलेल्या आदेशांचे झाले. सगळ्यांना लागू होणाऱ्या अधिसूचनेचे काय? ती घरोघर बजावता येत नाही. तिथे राजपत्र येते. राजपत्राशिवाय चालत नाही, हा धडा मिळाला तो जयपूर संस्थानातल्या अफूच्या खटल्यात. महाराज अज्ञान असताना संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये नुसत्या ठरावाने अफूचा कायदा केला आणि तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. पन्नास रुपयांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की लोकांना ज्याची माहिती होण्याचा कसलाच मार्ग ठेवला नाही तो कायदा लोकांना लावता येणार नाही. बंद दाराआडचा ठराव हा कायदा होऊ शकत नाही. बोस नागपूरच्या उच्च न्यायालयातून आलेले. त्यांचे इंग्रजी वाचावे असे. निकाल वाचताना झोप येत नाही असे न्यायाधीश थोडे, त्यांतले ते एक.

आणि आता सांताक्रूझचा विमानतळ. २८ नोव्हेंबर १९६२ ची पहाट. झुरिचहून मनिलाला निघालेले स्विस एअरचे विमान मुंबईत थांबले. त्यातला एक जर्मन प्रवासी उतरलाही नव्हता, आपल्या जागेवर बसून होता. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याची झडती घेतली. त्याच्या अंगात खास शिवलेले जाकीट होते, २८ कप्प्यांचे, आणि त्यांतल्या १९ कप्प्यांत मिळून सुमारे ३४ किलो सोने होते. भारतातून पुढे जाणाऱ्या सोन्याला पूर्वी सवलत होती. ८ नोव्हेंबरच्या रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनेने अशा सोन्याची नोंद विमानाच्या मालाच्या यादीत करण्याची अट घातली, आणि ती अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या भारताच्या राजपत्रात छापून आली. म्हणजे चारच दिवस आधी. झुरिचमध्ये विमानात चढणाऱ्या माणसाने दिल्लीचे राजपत्र कुठून वाचावे? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. सर्वोच्च न्यायालयात दोन विरुद्ध एक असे मत पडले. राजपत्रात प्रसिद्ध झाले की झाले, माहीत नव्हते ही सबब नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत वेगळे होते. शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या तुरुंगवासाइतकीच ठेवली गेली. निकाल सरकारच्या बाजूचा, पण शिक्षेत मनाची चुटपुट दिसते. माझे मत विचाराल तर नियम बरोबर होता. ३४ किलो सोने कप्प्याकप्प्यांत शिवून नेणारा माणूस काहीतरी लपवतोय एवढे तर त्याला कळत होतेच.

या नियमाला पुढे संगणकाने नवे वळण दिले. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला. १६ तारखेला केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले. अटारीच्या सीमेवर काही व्यापाऱ्यांचा माल त्याच दिवशी आला होता, त्यांनी जुन्या दराने कागदपत्रे दाखल केली होती. सीमाशुल्क विभाग म्हणाला, अधिसूचनेची तारीख १६ आहे, १८९७ च्या सामान्य वाक्यांश अधिनियमाप्रमाणे कायदा आदल्या दिवसाच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणून सबंध १६ तारखेला नवा दर. पण ई-राजपत्र ही वस्तू वेगळी आहे. अधिसूचना संकेतस्थळावर चढवली गेली त्या क्षणाची नोंद तिच्यावर होती : रात्री ८ वाजून ४६ मिनिटे आणि ५८ सेकंद. दुपारी कागद देणाऱ्या व्यापाऱ्याला रात्रीचा कायदा कसा लावणार? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये व्यापाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा हा दीर्घ निकाल आहे. छापील राजपत्राच्या काळात तारखेच्या पलीकडे जाता येत नव्हते. आता घड्याळ कागदावरच येते, तेव्हा न्यायालयाने घड्याळ वाचले. जन्मवेळ सेकंदापर्यंत आली.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. इथे मला जास्त वेळ हवा आहे.

कुठलाही शासन निर्णय उघडा. माथ्यावर विषय, खाली विभागाचे नाव, मग ‘वाचा’ असे म्हणून क्रमांक टाकलेली यादी. १९९५ चा शासन निर्णय, मग २००३ चे परिपत्रक, २००८ चे शुद्धिपत्रक, २०१६ चा आणखी एक निर्णय. मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’. आणि कुठेतरी मध्येच एक वाक्य : ‘यापूर्वीचे या विषयावरील सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत.’ सर्व म्हणजे कोणते? ‘वाचा’मधले सगळे, की त्यांतले काही? जे ‘वाचा’मध्ये नाहीत पण विषयाला लागू आहेत त्यांचे काय? कधी वाक्य असते, ‘वरील आदेश या मर्यादेपर्यंत सुधारण्यात येत आहेत’. मग २००३ च्या परिपत्रकातला तिसरा परिच्छेद जिवंत आणि पाचवा मेला, हे ज्याने त्याने ताडून पाहायचे. संकेतस्थळावर २००३ चे परिपत्रक उघडाल तर ते आहे तसेच आहे. त्याच्या पानावर ‘हे आता लागू नाही’ अशी नोंद सहसा दिसत नाही. मग जिल्हा परिषदेतला लिपिक २००३ ची प्रत काढून अर्जदारापुढे ठेवतो, अर्जदार २०१६ ची काढतो, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना खरा कागद असतो. वर्षानुवर्षे चाललेली अनेक सेवाविषयक प्रकरणे या एवढ्याच गोष्टीवर अडलेली असतात.

कायद्यात याला उत्तर नाही असे नाही. त्याच १८९७ च्या अधिनियमाचे कलम २१ सांगते की ज्याला आदेश काढण्याचा अधिकार आहे त्याला तो बदलण्याचा आणि रद्द करण्याचाही अधिकार आहे. पण त्याच रीतीने आणि त्याच अटींवर. राजपत्रातून आलेली अधिसूचना राजपत्रातूनच जाईल. शिवाय जाईल ती अधिकार असणाऱ्याच्याच हातून. याचा उत्तम नमुना मुंबईतच आहे. अंधेरीत सिनेमागृह बांधायला गोरधनदास भानजी यांना पोलीस आयुक्तांनी १९४७ च्या जुलैत परवानगी दिली. सप्टेंबरात आयुक्तांचे पत्र गेले, की शासनाच्या निर्देशावरून परवानगी रद्द करण्यात येत आहे. न्यायालयात आयुक्तांनी सांगितले की निर्णय माझा होता. बोस यांनी पत्र पुन्हा वाचले. पत्रात निर्णय सरकारचा होता, आयुक्त फक्त निरोप्या. रद्द करण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांचा, सरकारचा नव्हे. म्हणून ते रद्द करणे हे रद्द करणे ठरले नाही. सरकारी आदेशात जे लिहिले आहे तेच धरायचे, नंतर मागाहून दिलेली स्पष्टीकरणे धरायची नाहीत, हे तत्त्व तिथून आले.

अडचण अशी की कलम २१ कायद्याखाली निघालेल्या आदेशांपुरते आहे. निव्वळ प्रशासकीय शासन निर्णय, ज्यांच्यावर आपली निम्मी कामे चालतात, त्यांना असे काटेकोर बंधन नाही. इतर देशांनी या प्रश्नावर वेगळ्या पद्धतीने विचार केला आहे. जर्मनीने १९७६ मध्ये प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदाच केला. त्याचे कलम ४३ थोडक्यात असे : आदेश ज्याच्यासाठी आहे त्याला कळवला तेव्हा लागू होतो, ज्या मजकुराने कळवला त्याच मजकुराने लागू होतो, आणि मागे घेतला, रद्द झाला किंवा मुदत संपून वा अन्य प्रकारे निकाली निघाला, तोवर लागू राहतो. बेकायदा आदेश मागे घेण्याचे कलम वेगळे, कायदेशीर आदेश मागे घेण्याचे वेगळे, आणि मुळातच शून्य असलेल्यांचे वेगळे. पोस्टाने पाठवलेला आदेश तिसऱ्या दिवशी पोचला असे धरत, २०२५ पासून टपाल सावकाश झाल्यामुळे चौथ्या दिवशी धरतात. आपल्याकडे हे सगळे निकालांतून वेचावे लागते. जर्मनीचे सगळेच अनुकरण करावे असे मी म्हणत नाही, आपल्या न्यायालयांनी निकालांतून उभे केलेले काही त्यांच्या कलमांहून सुंदर आहे.

पण वेचण्यात गोंधळ कसा होतो पाहा. आदेश चुकीचा असेल, अगदी बेकायदा असेल, तर तो मुळातच मेलेला असतो का? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नाही. आदेशाच्या कपाळावर तो बाद आहे असे लिहिलेले नसते. बडतर्फी बेकायदा असली तरी मुदतीत न्यायालयात जाऊन ती तशी ठरवून घ्यावी लागते, नाहीतर ती कायम. आता १९७४ चा निकाल ऐका. अहमदाबादच्या एका माणसाला मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपार केले होते. तो शहरात परतला आणि पकडला गेला. खटला चालू असताना तडीपारीचा आदेशच उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण त्याला बाजू मांडायची धड संधी मिळाली नव्हती. मग परतण्याचा गुन्हा उरला का? परतला तेव्हा तर आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले : आदेश आरंभापासूनच नव्हता, जे नव्हतेच ते मोडले कसे?

दोन्ही निकाल आपापल्या जागी न्याय्य आहेत. पण एकत्र वाचले की तडीपार झालेल्या माणसाला वकिलाने काय सल्ला द्यावा? आदेश चुकीचा आहे म्हणून घरी जा, असे सांगणारा वकील धाडसी. जाऊ नकोस, आधी दाद माग, असे सांगणारा शहाणा. दोन वर्षांपर्यंतची तडीपारी आणि अपिलाच्या तारखा यांचा हिशेब मांडला तर शहाणपणाची किंमतही कळते. स्थगितीचेही तसेच. स्थगिती मिळाली की लोकांना वाटते आदेश गेला. १९९२ च्या एका निकालाने स्पष्ट केले की स्थगितीने आदेश पुसला जात नाही, त्या तारखेपासून चालायचा थांबतो एवढेच. रद्द झाला तर पुसला जातो.

शेवटचे उदाहरण जमिनीचे. शहराच्या विकास आराखड्यात तुमच्या भूखंडावर बागेचे किंवा शाळेचे आरक्षण पडते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. मुदत वाढत कोणाच्या बाजूने गेली हे सांगायला नको. ‘पावले’ या शब्दावर वर्षानुवर्षे भांडणे झाली. महापालिका म्हणे, आम्ही ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, ही पावलेच. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की आतल्या आतली पत्रे पुरत नाहीत, संपादनाची प्रत्यक्ष घोषणा लागते. मुधोळकरांनी त्याआधी पंचेचाळीस वर्षे आदेशाच्या जन्माबद्दल जे म्हटले तेच इथे मृत्यूबद्दल आले : फाइलच्या आतले लिखाण आदेश जन्माला घालत नाही, तसेच ते त्याचा मृत्यू टाळतही नाही.

आणि इथेच कायद्याने एक चांगली गोष्ट केली. २००९ च्या सुधारणेने कलम १२७ मध्ये भर घातली, की आरक्षण व्यपगत झाले की शासनाने तसा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करावा. आदेश संपल्याची जाहीर नोंद करण्याचे बंधन सरकारवर घालणाऱ्या तरतुदी आपल्याकडे विरळ, ही त्यांतली एक. व्यवहारात मात्र ही नोंद मिळवायला मालकाला पुन्हा उच्च न्यायालयात जावे लागते. नकाशावर बाग तशीच हिरवी राहते, बांधकाम परवानगीच्या खिडकीवर सांगितले जाते की राजपत्र आणा.

माझी सूचना लहान आहे. नवा कायदा तिला लागत नाही. प्रत्येक शासन निर्णयाला संकेतांक आधीच आहे. नव्या निर्णयाने ज्यांना अधिक्रमित केले त्यांची संकेतांकासह यादी त्या निर्णयात असावी, आणि त्याच दिवशी, जमल्यास त्याच मिनिटाला, संकेतस्थळावर जुन्या निर्णयाच्या पानावर तारीख, वेळ आणि नव्या संकेतांकासह तशी नोंद चढावी. परिच्छेदापुरता बदल असेल तर त्या परिच्छेदासमोर. प्रायोगिक म्हणून एका महसूल विभागापासून सुरुवात केली तरी चालेल, कारण तिथले जुने कागद सर्वांत जास्त वापरले जातात. श्रोत्यांत काही निवृत्त सनदी अधिकारी दिसत आहेत. हे का करता येत नाही याची कारणे त्यांच्याकडे असतील, तर प्रश्नोत्तरांत ती आधी त्यांनीच सांगावीत.